गुलछडी टॉफीचा रडका मुलगा

कुवेत सिटी
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुनंदाआत्या,

सा. न. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. तूही याच पत्त्यावर लिही. फोनवर नको. संध्याकाळी घरी गेल्यावर ओवीचा अभ्यास आणि स्वयंपाक यांतच वेळ जातो, बोलायला सवड होत नाही.

बातमी मोठी आहे. आमच्या जाहिरात एजन्सीकडे इथला एक टॉफीवाला आलाय. त्याला जुन्या वळणाची जाहिरात हवीय. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात सचित्र मासिकांमध्ये पानभर रंगीत जाहिराती यायच्या ना, गोबऱ्या गालांची मुलं आणि टॉफीचे डबे, अगदी तशी. मीटिंगमध्ये सगळे इंग्लंड-अमेरिकेची चित्रं दाखवत होते. मी म्हटलं, माझे आजोबाच अशी चित्रं काढायचे. साहेब उडालाच! काम माझ्याकडे आलं.

मला आजोबांची गुलछडी टॉफीची जाहिरात हवीय. डाव्या बाजूला भोकाड पसरलेला मुलगा, उजव्या बाजूला तोच मुलगा गालात टॉफी धरून हसतोय, खाली ‘एक गुलछडी, रडू पळालं!’ तो मुलगा म्हणजे माझे बाबा, हे मी शाळेत सगळ्यांना सांगायची. मूळ चित्र तुझ्याकडेच आहे ना? नीट स्कॅन करून पाठव. आम्ही तेच चित्र आताच्या मुलीवर नव्याने करणार आहोत, आणि ती मुलगी आपली ओवी! प्रसाद आधी नको म्हणाला, पण आता खूश आहे. त्याच्या रिफायनरीतल्या मित्रांना सांगत सुटलाय.

एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घे. बाथरूममध्ये पाय घसरला, डाव्या हाताला प्लास्टर आहे. काळजीचं काही नाही.

तुझी,
शलाका

•

नाशिक
९ ऑक्टोबर २०२४

चि. शलाका,

अनेक आशीर्वाद. टॅबवर एका बोटाने लिहिते आहे. म्हणजे आपण दोघी सध्या सारख्याच.

सोबत बारा पानं पाठवली आहेत. नानांचे, म्हणजे तुझ्या आजोबांचे, बांधलेले अंक मी माळ्यावरून काढवले. बघ, तुला मजा येईल. लढाई संपली, कागद मिळायला लागला, साखर रेशनमधून सुटली, आणि माणसं गोडासाठी वेडी झाली होती. पण नुसतं ‘गोड खा’ म्हणायची लाज वाटायची, म्हणून प्रत्येक गोळीत शक्ती घातलेली. ही पेपरमिंट खाऊन मुलगा गणितात पहिला येतो. ही टॉफी खाऊन बाई दिवसभर न थकता शिवण करते. एका पानावर डॉक्टरसुद्धा आहे, गळ्यात स्टेथोस्कोप आणि हातात चॉकलेट. नानांचा हात सुंदर होता, हे मी कधीच नाकारलं नाही. डब्याच्या पत्र्यावरची चमक ते अशी काढायचे की आम्ही कागदाला बोट लावून बघायचो.

गुलछडीचं चित्र मात्र मी पाठवणार नाही. ते सोडून काहीही माग.

आणि तुझ्या घरातली फरशी फार निसरडी दिसते. मार्चमध्येही तू घसरलीस, तेव्हा बरगडीला लागलं होतं. त्याच्या आधी कपाटाचं दार कपाळावर आलं होतं. प्रसादला कधी काही लागलेलं ऐकलं नाही.

तुझी,
सुनंदाआत्या

•

कुवेत सिटी
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

पानं पाहून टॉफीवाला खुळावला. पण त्याला रडका मुलगाच हवाय. तू दिलं नाहीस तरी मला ते मिळालं. पुण्याच्या एका रद्दी गोळा करणाऱ्याने छापील पान स्कॅन करून पाठवलं. रंग उडालेत, पण बाबांचा चेहरा बघून अंगावर काटा आला. काय रडणं काढलंय! डोळे, नाक, ओला ओठ, लाल झालेला कान. असं चित्र जगासमोर यायला नको असं तुला का वाटतं, मला कळत नाही. आजोबांचं नाव होईल.

प्रसादबद्दल तू जे सुचवलंस ते मला आवडलं नाही. त्याच्यावर कामाचा ताण किती असतो, तुला कल्पना नाही. सध्या प्लँटचं शटडाउन चालू आहे, बारा-बारा तास ड्यूटी. माणूस कधीतरी चिडतो. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. तू लग्न केलं नाहीस, तुला हे बाहेरूनच दिसणार.

शूट २४ तारखेला, शुवैखच्या स्टुडिओत. फोटोग्राफर वाजिद आपल्या म्हसळ्याचा आहे, मराठी बोलतो. ओवी आरशासमोर रडायची प्रॅक्टिस करते आणि स्वतःच खुदकन हसते. ‘मम्मा, आय कान्ट डू सॅड,’ म्हणते.

शलाका

•

नाशिक
२३ ऑक्टोबर २०२४

चि. शलाका,

तुझ्या पत्राचा राग आला होता. तो जाईपर्यंत थांबले. आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबाने मला शपथ घातली होती. तो गेला, आता माझ्यावर शपथ नाही.

पुंडलिकला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. तुम्हाला सांगितलं, लहानपणी विषमज्वर झाला होता. त्याला विषमज्वर कधीच झाला नव्हता.

बावन्न साल. आम्ही ठाकूरद्वारला एका खोलीत राहायचो. खिडकीपाशी नानांचा बोर्ड. मी नऊ वर्षांची, पुंडलिक सहाचा. दिवाळी अंकासाठी ते चित्र हवं होतं. कंपनीच्या माणसाने दोनदा परत पाठवलं होतं. “हे रडणं खोटं वाटतं, मास्तर,” तो म्हणाला. तो गेल्यावर नानांनी बोर्डावर कोरा कागद लावला. मग पुंडलिकला स्टुलावर बसवलं.

आधी रागावले. पुंडलिकला तो खेळ वाटला. मग हातातली टॉफी काढून घेतली. तो म्हणाला, “नाना, तुम्हीच खा,” आणि हसला. मग चिमटे काढले. तो वळवळला, पण हसणं सोडेना. नाना उठले, हात मागे नेला आणि उघड्या पंजाने त्याच्या कानावर मारलं. तो स्टुलावरून खाली पडला. पडल्यावर रडलासुद्धा नाही. तोंड उघडं, आवाज नाही. नानांनी त्याला बखोटीला धरून परत स्टुलावर बसवलं आणि दुसरी ठेवून दिली, त्याच कानावर. तेव्हा तो रडला. नाना धावत बोर्डाकडे गेले. “हलू नकोस! असाच! असाच राहा!”

त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती. आई दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली. ती आत आली नाही. मी ओरडत गेले आणि नानांच्या ब्रश धरलेल्या हाताला चावले. त्यांनी मला भिंतीवर फेकलं. माझा समोरचा दात तुटला तो तेव्हा. मी शाळेच्या जिन्यावरून पडले असं सगळ्यांना सांगण्यात आलं. बघ, आपल्या घरात घसरायची पद्धत जुनीच आहे.

तो लाल कान तू बघितलास ना? नानांनी रक्त तेवढं काढलं नाही, बाकी सगळं खरं आहे. हसरा चेहरा मात्र मनाने काढला. पुंडलिक त्या दिवशी हसलाच नाही.

चित्र फार गाजलं. पुढे तीन वर्षं नानांना रडकी मुलंच काढायला मिळाली. पुंडलिकला नंतर मारावं लागायचं नाही. नानांनी नुसता हात वर केला की तो रडायचा. काम सोपं झालं.

शलाका, उद्याचं शूट थांबव. ते जमत नसेल तर ओवीला तरी त्यात बसवू नकोस. त्या चित्रासारखं रडणं मागून मिळत नाही.

आणि एकच विचारते, एका शब्दात उत्तर दे. प्रसाद तुला मारतो का?

सुनंदाआत्या

•

अब्बासिया, कुवेत
३१ ऑक्टोबर २०२४

आत्या,

हो.

हे तबस्सुमच्या घरून लिहितेय. ती आमच्या मजल्यावर समोरच राहते, रत्नागिरीकडची. तिचा नवरा नूरुद्दीन टॅक्सी चालवतो. आम्ही दोघी मायलेकी त्यांच्या हॉलमध्ये झोपतो. आज दिवाळी आहे. तबस्सुमने ओवीसाठी कुठूनतरी चकल्या आणल्या. मला चावता येत नाही.

तुझं पत्र तेवीसच्या रात्री आलं होतं, पण ऑफिसच्या मेलवर. मी ते शूट झाल्यावर वाचलं, दवाखान्यात, तबस्सुमच्या फोनवर उघडून.

जे झालं ते सरळ लिहिते. ओवीला रडता येईना. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं तर ती चोळत बसली. टॉफीवाल्याचा माणूस घड्याळ बघत होता. “इट्स फेक,” तो म्हणाला, दोनदा. प्रसादने सुट्टी काढली होती, नवा शर्ट घालून आला होता. सगळ्यांसमोर हसून म्हणाला, “दोन मिनिटं द्या, मी तिला समजावतो.” ओवीला मेकअपच्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावलं. मी फ्रेम बघत होते. मी गेले नाही. मला वाटलं, तिला तर तो कधी हात लावत नाही.

आवाज आला. तो आवाज मला ओळखीचा आहे.

ओवी बाहेर आली ती कानावर हात धरून. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी आणि आवाज काहीच नाही. टॉफीवाल्याचा माणूस ओरडला, “परफेक्ट! शूट, शूट!” फ्लॅश पडला. मग वाजिदने कॅमेरा खाली घेतला. म्हणाला, “हिच्या गालावर बोटं उठलीत. मी नाही काढणार.” प्रसाद मागून रुमालाने हात पुसत आला आणि म्हणाला, “झालं काम. घ्या पटकन, नाहीतर परत थांबेल.”

माझ्या शेजारी लाइटचा स्टँड होता, लोखंडी. मी तो उजव्या हाताने उचलला आणि त्याच्या डोक्यावर घातला. खांद्यावर बसला. परत उचलला, तो भुवईवर बसला. रक्त आलं. खोटं नाही सांगत, मला ते बघून बरं वाटलं.

मग त्याने माझे केस धरले आणि तोंड भिंतीवर आपटलं. मी खाली पडल्यावर लाथा मारल्या, प्लास्टरच्या हातावर. आत्या, घरी तो नेहमी कपड्यांखाली मारायचा. लोकांसमोर कधीच हात उचलणार नाही, याची मला खात्री होती. त्या दिवशी दहा माणसं होती आणि तो थांबला नाही. वाजिदने आणि लाइटच्या दोन मुलांनी त्याला ओढून काढलं. तोवर ओवी त्याच्या पायाला मिठी मारून होती, आणि तो पाय मारतच होता.

माझे दोन दात गेले, जबडा सुजलाय, हात परत जोडावा लागला. ओवीच्या कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणाले, मुलांचा बहुतेक वेळा आपोआप भरून येतो, काही आठवड्यांनी बघू.

मार्चमध्ये बरगडी त्यानेच मोडली. कपाटाचं दारही तोच. भाजीत मीठ, इस्त्रीची घडी, माझ्या फोनवरचा कुणाचा तरी मेसेज, काहीही पुरायचं. रोज संध्याकाळी तो माझा फोन तपासतो, म्हणून ऑफिसमधून लिहीत होते. तुझ्या लग्नावरून जे बोलले त्याची मला लाज वाटते.

तक्रार केलीय. मखफर म्हणजे इथलं पोलिस ठाणं, तिथे प्रसादला ठेवलंय. त्याच्या घरून सारखे फोन येताहेत, तक्रार मागे घे, त्याची नोकरी जाईल, मुलीचं काय होईल. काय करू ते कळत नाही.

शलाका

•

नाशिक
३ नोव्हेंबर २०२४

चि. शलाका,

काल राजन आला होता, तुझा मोठा दीर. पाया पडला, फराळाचा डबा ठेवला. मी आल्याचा चहा टाकत होते. तो ओट्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आत्या, तुमचं ती ऐकते. आत्ता व्हिडिओ कॉल लावा आणि सांगा की नवरा-बायकोचं घरात मिटवायचं असतं.”

मी म्हटलं, “नातीचा कान फोडलाय त्याने.”

“बापाने एक चापट मारली तर काय झालं? आम्ही काय मार खाल्ला नाही?”

“खाल्लास ना, म्हणून असा झालास.”

त्याने माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने टॅब पुढे केला. “लावा.” मी नाही म्हटलं. तो पिळायला लागला, हळूहळू, माझ्या डोळ्यांत बघत. एक्याऐंशी वर्षांचं हाड, शलाका, ते किती पीळ सोसणार? कट्कन आवाज झालेला मला ऐकू आला. माझ्या मोकळ्या हाताशी खलबत्ता होता. मी बत्ता उचलून त्याच्या बोटांवर हाणला. तो किंचाळला. मी परत मारला, या वेळी नडगीवर. मग शेजारच्या झहूरभाईंनी येऊन त्याला कॉलर धरून जिन्यावरून खाली नेला.

मनगट प्लास्टरमध्ये आहे. मी पोलिसात तक्रार दिली आहे. इन्स्पेक्टर म्हणाला, “आजी, या वयात कशाला?” मी म्हटलं, “नवव्या वर्षी कुणी लिहून घेतली नाही म्हणून.”

काय करू विचारतेस. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मार खाणारं मूल मला कागदावरून कळायचं. ते आईबापांची चित्रं फार मोठी काढतं आणि स्वतःला कोपऱ्यात. तक्रार मागे घेतलीस तर ओवी काय काढेल?

पुंडलिकने तुझ्यावर कधी हात उगारला नाही ना? तो मला म्हणायचा, “ताई, माझा हात वर गेला की मला माझीच भीती वाटते.” तुझ्या बाबाने आयुष्यभर दोन्ही हात खिशात ठेवून राग गिळला. ते तो कुठे शिकला? कुणी शिकवलं नव्हतं. माणूस ठरवू शकतो, एवढंच मला सांगायचं आहे. प्रसादने वेगळं ठरवलं.

तक्रार मागे घेऊ नकोस.

आत्या

•

अब्बासिया, कुवेत
१६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं मनगट प्लास्टरमधून सुटलं हे कळलं. माझाही हात सुटला. पुढचे दोन दात खोटे बसवलेत.

मधल्या काळात लिहिलं नाही, कारण रोज काहीतरी चालूच होतं. आज सगळं एकदम सांगते.

मखफरमध्ये त्यांनी ओवीला विचारलं. दुभाष्या हिंदी बोलणारा होता. प्रसाद समोर बसला होता, तिच्याकडे बघून हसत. म्हणाला, “सांग बाळा, आपण खेळत होतो ना?” ओवीने तोंड फिरवलं. मग दुभाष्याला म्हणाली, “नो. ही हिट मी. ही हिट्स मम्मा ऑल द टाइम.” आणि परत त्याच्याकडे वळून म्हणाली, “सॉरी, बाबा.” आत्या, मारलं त्याने आणि सॉरी ती म्हणाली. ते ऐकून माझ्या मनात उरलंसुरलं काही होतं तेही संपलं.

वाजिदने तो एक फोटो पोलिसांना दिला. त्यात गालावरची चारही बोटं स्पष्ट दिसतात. टॉफीवाल्याच्या माणसाने मात्र एजन्सीत फोन केला होता, गालावरचे डाग काढून तोच फोटो वापरू या म्हणून. म्हणे, असा चेहरा परत मिळणार नाही. मी साहेबाला सांगितलं, तो फोटो छापलात तर मी तुमच्याविरुद्धही तक्रार देईन. शेवटी नुसत्या डब्याची जाहिरात आली. तू पाठवलेल्या पानांवरून केली होती. चांगली झाली.

नोव्हेंबरच्या शेवटी प्रसाद जामिनावर सुटला. आम्हाला भेटायचं नाही असा हुकूम होता. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो आला. मी आमच्या फ्लॅटमधून ओवीचे कपडे आणायला गेले होते, ती माझ्याबरोबर होती. मी आतून कडी घातली होती, त्याने दार वाजवलं. आधी गोड आवाजात, “शलाका, उघड, बोलू आपण.” मग लाथा. दाराच्या चौकटीचा तुकडा उडाला. मी ओवीला कपाटात बसवलं आणि स्वयंपाकघरातला सुरा घेऊन दारासमोर उभी राहिले. बाहेरून तबस्सुम ओरडत होती, “बाय गे, उघडू नको! काय झालं तरी उघडू नको!” दार तुटलं. तो आत आला तेव्हा माझ्या हातातला सुरा बघून थांबला. “मारणार मला?” म्हणाला. मी म्हटलं, “पुढे ये, मग बघ.”

तो आला. मी सुरा फिरवला, त्याचा तळहात चिरला. रक्त माझ्या तोंडावर उडालं. त्याने दुसऱ्या हाताने माझा गळा धरला आणि मला भिंतीला लावलं. डोळ्यांसमोर काळं व्हायला लागलं. तेवढ्यात नूरुद्दीन आणि बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, आत घुसले. नूरुद्दीनने गाडीचा जॅक आणला होता. त्याने तो प्रसादच्या गुडघ्यावर घातला. प्रसाद खाली बसला तो उठलाच नाही. पोलिस येईपर्यंत दोघं त्याला धरून होते आणि तो एकच म्हणत होता, “माझी बायको आहे ती. माझी आहे ती.”

यानंतर त्याला परत सोडलं नाही. कोर्टाने त्याला कैद दिली, ती भोगून झाली की देशाबाहेर. कंपनीने कधीच काढून टाकलं. तो सुटून नाशिकला येईल, म्हणून मी तिकडे येत नाही. इथला व्हिसा माझ्या स्वतःच्या नोकरीवर आहे. ओवीचाही माझ्या नावावर करायला घेतलाय. सासूबाईंनी निरोप पाठवला, तू आमच्या मुलाचं आयुष्य बरबाद केलंस.

ओवीच्या कानाचा पडदा भरून आला. परवा मी पंख्याचं बटण लावायला हात वर केला तर ती टेबलाखाली गेली. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळ लागेल. बाबांचं आठवून मला रडू आलं. मीही तिच्याजवळ टेबलाखाली जाऊन बसले. तिने विचारलं, “मम्मा, हू आर वी हायडिंग फ्रॉम?” मी म्हटलं, “आता कुणापासूनच नाही.” तरी आम्ही थोडा वेळ तिथेच बसलो.

नवा फ्लॅट घेतलाय, त्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला वर. लहान आहे, पण किल्ली एकच आणि ती माझ्याकडे. एक खाट जास्तीची टाकलीय. तुझा पासपोर्ट काढून ठेव.

आत्ता हे लिहिताना ओवी बाहेर पॅसेजमध्ये तबस्सुमच्या अदिबाबरोबर धावतेय. काय खेळताहेत कोण जाणे, दोघी घसा फाडून ओरडताहेत आणि मध्येच मोठमोठ्याने हसताहेत. प्रसाद नाइट ड्यूटी करून दिवसा झोपायचा. गेली सहा वर्षं या मुलीशी मी जे सगळ्यात जास्त बोलले असेन ते म्हणजे ‘शू’ आणि ‘हळू’. आत्ताही तोंडाशी आलं होतं.

उठले, दार सताड उघडं ठेवलं आणि परत येऊन लिहायला बसले.

तुझी,
शलाका